तात्या जमादार आणि बिनपरवाना पाहुणे

तात्या जमादार कुजबुजत बोलतो. घसा बसलेला नाही आणि काही गुपित सांगायचं असतं असंही नाही. दूधवाल्याला उद्या जरा जास्त टाक एवढंच सांगायचं असलं तरी तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो आणि मग दूधवाल्याच्या कानाशी तोंड नेतो. दूधवाला नवीन असला तर कॅन तिथेच ठेवून मागे सरकतो. बाजारात मासेवाल्या त्याला तोंडावर सांगतात, "ओ जमादार, जरा मोठ्यान् बोला. मेलेलं म्हावरं हाय, ऐकून पळायचं नाय."

तात्याची सगळी नोकरी कस्टममध्ये गेली. किनाऱ्यावर, वाळूत पोट टेकून, कुठल्या बोटीतून कसला माल उतरतो ते बघत. तिथे विडी ओढायची नाही, खोकायचं नाही, बोलायचं तर शेजारच्याच्या कानात. उभी हयात असं केल्यावर आवाज मोठा निघणार कुठून? खात्याने त्याला पेन्शन दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण आवाज काही परत दिला नाही.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, ती पण पावसाळ्यापुरती, कारण उन्हाळ्यात बापाबरोबर चिरे उचलायला जायचो. तेव्हा गोड करून लिहायला मला जमत नाही. आमची वाडी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या कडेला. तात्याच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे, तो मीच रचलाय. त्या गडग्यावरून मी तात्याला जितका बघितलाय तितका त्याच्या खात्याने पण बघितला नसेल.

जमादार रिटायर झाला, पण त्याचे डोळे काही रिटायर झाले नाहीत. एसटीतून उतरून कोणी वाडीत शिरला की तात्या गडग्याशी हजर. "कुठून?" मग, "काय आणलंत?" मग पिशवी हळूच हातात घेऊन तोलून बघणार आणि सांगणार, यात फणस आहे आणि खाली बायकोसाठी पातळ आहे. बहुतेक वेळा ते खरं असतं. आमच्या वाडीतला एक जावई आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. तात्या त्या टेपरेकॉर्डरकडे नुसता बघत बसला.  जावयाने घाम पुसला, आत गेला आणि पावती आणून दाखवली. सासऱ्याने सुद्धा त्याच्याकडे पावती मागितली नव्हती.

त्याची दोन वाक्यं ठरलेली. एक, "खबर पक्की आहे." दुसरं, "हालचाल नको." पहिलं वाक्य पाऊस, बाजारभाव, कोणाचं लग्न जमलं, सगळ्याला चालतं. दुसरं तो कोंबड्यांना पण म्हणतो.

बोटी बघायचं काम गेल्यावर तात्याला बघायला काहीतरी पाहिजे होतं, म्हणून त्याने पक्षी धरले. म्हणजे पकडले नाहीत. टेहळणी सुरू केली. त्याच्याकडे दुर्बीण आहे, ती खात्याच्या लिलावात घेतलेली. कुठल्यातरी बोटीवर जप्त झालेला माल. तिची डावी काच धुकटलेली आहे, त्यामुळे बघताना एक डोळा मिटावा लागतो. तात्या म्हणतो, नेम धरायला एकच डोळा लागतो.

पक्ष्यांची नावं त्याला फार येत नाहीत आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. तो त्यांना खात्याप्रमाणे लावतो. बगळा स्थानिक, पण झोपेचं सोंग घेणारा, लक्ष ठेवा. खंड्या कामाचा माणूस, वेळेवर हजर, एका जागेवर बसणार, सूर मारणार, माल घेऊन परत. घार म्हणजे वरिष्ठ अधिकारी, वरून फिरतो आणि दुसऱ्याने पकडलेलं घेऊन जातो. टिटवी फितूर. "आपण आलो की सगळ्या खाडीला कळवते. हिच्यासारख्या बायका किनाऱ्यावर असत्या तर आम्हाला एक घड्याळ सापडलं नसतं." आणि थंडीत लांबून, बर्फाच्या देशातून येणारे जे पक्षी चिखलात हिंडतात, ते सगळे बिनपरवाना पाहुणे. त्यांच्यावर त्याचं फार प्रेम. कागद नाही, पत्र नाही, एवढा समुद्र ओलांडून यायचं, आपल्या हद्दीत खायचं आणि उन्हं तापली की गुपचूप जायचं. तात्या म्हणतो, इतक्या वर्षांत असा सफाईचा धंदा मी बघितला नाही.

दर वर्षी फाल्गुनात तो वाडीतली चार माणसं घेऊन खाडीवर जातो. हे पाहुणे परत निघायच्या आधी त्यांना बघायला. दिवस मात्र त्याने असा धरलेला की सगळी वाडी त्याला नावं ठेवते. ज्या दिवशी शिमग्याची पालखी आमच्या वाडीत येते, बरोबर त्याच दिवशी हा गाडी काढतो. गावदेवी आई पालखीतून दारात येणार आणि जमादार चिखलात पक्षी बघणार. जमादार देवाला मानत नाही, असं वाडीने कधीच ठरवून टाकलं.

आता इथे आमच्याकडची रीत सांगतो. पालखी घरोघर येते. आदल्या दिवशी अंगण सारवायचं, रांगोळी घालायची, घरच्या बाईने आईची ओटी भरायची. ढोल असा वाजतो की कौलं हलतात. पण ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय, त्या दारात पालखी थांबत नाही. त्या दारासमोर आली की ढोल गप्प होतो. पालखी तशीच पुढे जाते, आणि पुढच्या दाराशी ढोल परत सुरू होतो. दुसऱ्याचं दार असलं तर हे कोणाच्या लक्षात पण येत नाही. घोटभर पाणी पिण्याइतका वेळ लागतो.

माझी बायको हिरा गणपती झाल्यावर गेली. यंदा ढोल माझ्या दारासमोर गप्प होणार होता. पालखीच्या दिवसाची हिराची तयारी म्हणजे माहेरचं कोणी येणार असल्यासारखी. ओटी भरताना ती आईशी बोलायची पण. गुडघे दुखतात, यंदा आंब्याला मोहोर कमी आहे, असं काहीबाही. मी लांब उभा राहून म्हणायचो, आटप, मागे माणसं खोळंबलीत. मुलगा-सून मुंबईला, दुखवट्यामुळे तेही शिमग्याला आले नव्हते. मी ठरवलं होतं की दार लावून आत बसायचं, आणि ढोल गप्प झाला की डोकं भिंतीला लावून पुढच्या दाराशी तो सुरू होण्याची वाट बघायची. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आदल्या दिवशी तात्या गडग्याशी आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुजबुजला, "मिस्त्री, उद्या खाडीवर पाहुणे आहेत. खबर पक्की आहे."

मी सांगितलं, मला पक्ष्यांतलं फक्त कोंबडी कळते आणि ती पण रश्श्यात. तो मान हलवून गेला. मला वाटलं, सुटलो.

सकाळी दारासमोर अन्वरभाईची मेटॅडोर उभी. तात्याने हॉर्न वाजवू दिला नाही, कारण टेहळणीला निघताना हॉर्न वाजवत नाहीत. गाडी नुसती उभी. आतली माणसं नुसती बसलेली. सगळी वाडी दारादारातून बघतेय आणि कोणी काही बोलत नाही. असल्या गप्प गाडीपुढे माणूस किती वेळ दार लावून बसणार? शेवटी लोकांची तोंडं चुकवायला मीच गाडीत जाऊन बसलो. माणसाला कसं बाहेर काढायचं हे जमादाराला चांगलं ठाऊक आहे.

मेटॅडोर एरवी मासळी नेते. धुऊन आणली होती, पण वास धुण्यापलीकडचा होता. पुढे अन्वरभाई आणि तात्या. मागे गोदाक्का, जोशी मास्तर आणि शांताराम. गोदाक्का वाडीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तिखट, तिचा नवरा पावसाळ्यात गेला. जोशी मास्तरांची आई दिवाळीच्या सुमाराला गेली. शांताराम मुंबईला गिरणीत होता, मोठा भाऊ वारला म्हणून गावाला आला तो इथेच राहिला. गाडी वाडीच्या बाहेर पडली तशी गोदाक्काने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"जमादारा, वाडीतला सगळा दुखवटा एका गाडीत भरलास काय रे?"

 अन्वरभाईने आरशातून मागे बघितलं. तात्याने वळून न बघता सांगितलं, हालचाल नको, पुढे वळण आहे. वळण काही नव्हतं, सरळ रस्ता होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणसं कशी निवडतो, आणि दिवस कसा.

खाडीच्या वरच्या अंगाला भातशेती संपते आणि खाजण सुरू होतं. भरतीला सगळं पाण्याखाली, ओहोटीला नुसता चिखल, कडेला तिवरांची झाडी. तिथल्या मातीच्या बांधाआड तात्याने आम्हाला पालथं पाडलं. पोटावर झोपा, डोकं खाली, कपडे मातीच्या रंगाचे. जोशी मास्तर धुवट पांढऱ्या लेंगा-झब्ब्यात आले होते. तात्याने त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तरच म्हणाले, काय करू? तात्याने गाडीतून मासळीचं गोणपाट आणलं आणि पावसाळ्यात डोक्यावरून खोळ घेतात तशी त्यांना घातली. फाल्गुनाच्या उन्हात मास्तर गोणपाटात. हातात पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक. दोनदा शिंकले, तर तात्याने त्यांना तोंडात रुमाल धरायला लावला.

गोदाक्का झोपली नाही. म्हणाली, "मी आडवी होईन ती एकदाच. तेव्हा बघायला ये." आणि बांधावर छत्री उघडून बसली. तात्या कुजबुजून कुजबुजून थकला. छत्री बघून पाहुणे उडतील म्हणाला. गोदाक्का म्हणाली, एवढ्या लांबून आलेत ते छत्रीला भिणारे नव्हेत. आणि नाही भ्यायले. उलट तिच्या बाजूलाच जास्त आले.

मी काही पक्षी बघायला गेलो नव्हतो. तरी पण दुर्बीण हातात आल्यावर बघितलं. एक मोठा पक्षी होता, पिंगट, त्याची चोच ही एवढी लांब आणि टोकाला खाली वाकलेली. मास्तरांनी पुस्तकातून इंग्रजी नाव सांगितलं, ते मला आठवत नाही. तो चिखलात चोच पार मुळापर्यंत घालायचा, थांबायचा, अंदाज घ्यायचा आणि किडा घेऊनच बाहेर. मी पाया खणताना पहार अशीच घालून बघतो, खाली कातळ आहे की माती. त्याच्या पायाशी बारकी बारकी पाखरं पाण्याच्या कडेने धावत होती, लाट आली की मागे, लाट गेली की पुढे, सगळी एकदम. शांताराम दिवसभरात पहिल्यांदा बोलला. "गिरणीचा भोंगा झाल्यावर आम्ही असेच धावायचो," म्हणाला.

तात्या प्रत्येकाची चौकशी सांगत होता. हा कुठून आला, किती वजनाचा, आता किती खातोय. निघायच्या आधी हे पक्षी खाऊन खाऊन जड होतात, कारण वाटेत उतरायला जागा नाही. "ह्याचा माल अंगातच भरलेला," तात्या म्हणाला. "पकडणार कसा?" बोलताना चेहरा असा, की हा सगळा मुद्देमाल त्यानेच समुद्रापलीकडून सोडवून आणलाय.

सकाळ कशी गेली ते मला कळलं नाही. हिराची आठवण आली नाही असं नाही. ढोलाची मात्र आली नाही.

दुपारी पाणी चढायला लागलं. पक्षी उठले आणि पलीकडच्या काठाला गेले. आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आता निघायचं, असं सगळ्यांना वाटलं. तात्या मात्र घड्याळ बघून म्हणाला, घार बघू. घार तर आमच्या वाडीत पण असते. मग म्हणाला, बगळ्यांची रात्रीची झाडं कुठली ते बघू. झाडं बघितली, बगळे नव्हतेच. मग म्हणाला, चिखलातले पायाचे ठसे बघू. आता पाण्याखाली गेलेले ठसे कोण बघणार? त्याची खबर पक्की होती की चारपर्यंत पालखी आमच्या वाडीतून पुढच्या वाडीला जाते. त्याच्या आत आम्हाला परत न्यायचं नव्हतं, एवढंच. पण तोंडाने बोलेल तर तो जमादार कसला?

तेवढ्यात तिवरांच्या पलीकडून एक माणूस आला. गुडघाभर पाणी, लुंगी वर खोचलेली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. सरळ आमच्याकडे. बांधाजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जमादार, आईशपथ सगळं सोडलंय. आता फक्त कालवं काढतो. होडी बघा, घर बघा."

हा बाळा. खाडीपलीकडच्या वाडीतला होडीवाला. फार वर्षांपूर्वी तात्याने त्याला परदेशी कापडाच्या गाठी उतरवताना धरला होता. त्याची बायको सकाळी कालवं काढायला आली होती. तिने बांधाआड पालथी पडलेली माणसं बघितली, दुर्बीण बघितली, गोणपाट पांघरलेला माणूस बघितला आणि जमादाराला ओळखलं. त्यांच्या वाडीत सकाळपासून बोंब झाली होती की धाड आलीय. दोन घरांतून रेडिओ परसात पुरले गेले. ते रत्नागिरीच्या दुकानातूनच घेतलेले होते, पण पावती सापडेना. धाड पुढे सरकेना, बांधावर नुसती छत्री दिसतेय, हे बघून दुपारपर्यंत सगळ्यांचा जीव जास्तच टांगणीला. शेवटी बाळाच म्हणाला, मी जातो आणि काय ते मिटवून येतो.

तात्या त्याच्यावर कुजबुजून खेकसला. तसं खेकसणं फक्त त्यालाच जमतं. हात खाली घे, पक्षी उडतील. बाळाने हात खाली घेतले. मग तात्याने त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्याने एक डोळा मिटून बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, हे तर दर साली येतात. तुम्ही ह्यांच्यासाठी झोपलाय? पालखीच्या दिवशी?

मग तो बसला पोट धरून हसायला. गोदाक्का पण हसली. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

बाळाने आम्हाला घरी चहाला बोलावलं. आता तात्याचं एक व्रत आहे, ते सगळ्या किनाऱ्याला माहीत. ज्याला त्याने धरलं त्याच्या घरचं पाणी पण तो पीत नाही. नोकरीत घेतलं नाही आणि नंतरही नाही. एका लग्नात वधूच्या मामाला त्याने कधीकाळी धरलेलं निघालं, तर हा भरल्या पानावरून उठला होता. आम्हाला वाटलं, आता नको म्हणणार. तात्याने घड्याळ बघितलं. तीनच वाजले होते. वर गोदाक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चहा घेऊ," तो कुजबुजला. "पण सावकाश प्या."

बाळाने होडीतून पलीकडे नेलं आणि त्याच्या ओसरीवर आम्ही दोनदा चहा प्यालो. कालवं भाजून खाल्ली. तात्या पण प्याला. कपाकडे संशयाने बघत, बारीक बारीक घोट घेत, पण प्याला. उभ्या जन्माचं व्रत त्याने आमचा एक तास घालवायला मोडलं. बाळाची बायको दारात उभी राहून बघत होती. आत जाऊन तिने चांगल्या बशा आणल्या.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. गाडीत सगळे बरे होते. मास्तर गोणपाटाच्या वासाबद्दल बोलत होते, शांताराम झोपला होता. वाडीच्या वळणावर आलो आणि ढोल ऐकू आला.

तात्याची खबर पक्की असते. त्या दिवशी ती चुकली. अलीकडच्या वाडीत पालखी आधी कोणाच्या खांद्यावर जायची यावरून मानकऱ्यांत जुंपली होती. ते मिटेपर्यंत आई एका मांडवात बसून राहिली. आता पालखी आमच्याच वाडीच्या तोंडाशी होती.

अन्वरभाईने गाडी थांबवली. तात्या त्याच्या कानाला लागला, मागे घे, मांडवीच्या किनाऱ्यावर चल, संध्याकाळचे पक्षी बघू. मागच्या सीटवर आम्हाला सगळं ऐकू आलं. 

गोदाक्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे रे बाबा. दिवसभर आमच्यासाठी पळालास. आता माझ्या दारावरून माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे."

ती उतरली आणि छत्री टेकत चालायला लागली. तिच्या मागून मास्तर उतरले, शांताराम उतरला. मग मी काय करणार? मी पण उतरलो.

मी माझ्या अंगणात उभा राहिलो. अंगण सारवलेलं नव्हतं. तात्या त्याच्या घरी गेला नाही. गडगा ओलांडून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. 

पालखी नाचत नाचत आली. माझ्या दारासमोर ढोल गप्प झाला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती शांतता मोठी होती. पालखी धरणाऱ्या पोरांची पावलं ऐकू येत होती, फुलांच्या माळा एकमेकांना घासलेल्या ऐकू येत होत्या. मी हात जोडले. गुडघ्यांचं, मोहोराचं कोणी सांगितलं नाही. पालखी पुढे सरकली.

पुढचं दार तात्याचं. ढोलवाल्याने टिपरू उचललं. मानकरी भाऊंनी गडग्यावरून तात्याला बघितलं आणि म्हणाले, "जमादार, इतक्या वर्षांनी घावलात. चला, दार उघडा."

तात्या हलला नाही.

"पुढे न्या," तो म्हणाला. "ढोल नको."

"तुमच्याकडे कुठे दुखवटा?"

"पुढे न्या, भाऊ."

हे तो मोठ्याने बोलला. सगळ्या वाडीला ऐकू गेलं. भाऊंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ढोलवाल्याला हात केला. पालखी तात्याच्या कुलूप लावलेल्या दारासमोरून तशीच गेली, मुकाट. तिसऱ्या घराशी ढोल वाजला.

मग आम्ही दोघं गडग्यावर बसलो. त्याची बायको सुमन वहिनी जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती गेल्यावरच्या पहिल्या शिमग्याला तो नोकरीत होता, त्याने मुद्दाम त्या दिवशी खाडीवरची ड्यूटी मागून घेतली. ढोल ऐकू येणार नाही अशी तेवढीच एक जागा त्याला ठाऊक होती. पाहुणे त्याने पहिल्यांदा तिथेच बघितले. पुढच्या वर्षी त्याच्या दारात पालखी यायची होती, पण तेव्हा वाडीत दुसऱ्या कोणाकडे दुखवटा होता, म्हणून तात्या त्याला घेऊन खाडीवर गेला. मग दर वर्षी कोणी ना कोणी. हे सगळं त्याने परत कुजबुजत सांगितलं, आणि फार थोडक्यात.

मी आडपडदा ठेवत नाही. मी विचारलं, "देवाला मानत नाहीस काय?"

"ओटी कोण भरणार?" तो म्हणाला.

मी त्याच्या दाराकडे बघितलं. मग सांगितलं की पुढच्या शिमग्याला सुनेला मुंबईहून बोलावतो. माझ्या दारात ती ओटी भरेल, तुझ्या दारात पण भरेल. दारं जोडून आहेत, तिला काय दोन पावलं.

"आणि गाडी?" तात्या म्हणाला. "पुढच्या वर्षी जे असतील त्यांना कोण नेणार?"

मी वाडीकडे बघितलं. दिवेलागण झाली होती. दारादारांतून माणसं आत-बाहेर करत होती, गुलाल पुसत होती, पोरांना हाका मारत होती. पुढच्या वर्षी त्यातलं कुठलं दार असेल ते आईलाच माहीत.

"आपण दोघं नेऊ," मी म्हटलं. "घरचं सून बघेल."

 तात्याने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. आपल्या दारासमोरच्या जागेकडेच बघत होता.

"तुझी सून ठिपक्यांची रांगोळी काढते काय?" त्याने विचारलं. "सुमन ठिपक्यांचीच काढायची."

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, काढते.